आभाळात की डोळ्यात

कामशेतच्या रेल्वे क्वार्टरमागे छोटंसं अंगण होतं. तिथं दोरीवर धुणं वाळायचं, कोपऱ्यात सरपण रचलेलं असायचं आणि उरलेल्या जागेत चिंतामणीची दुर्बीण उभी असायची. दिवसा तिच्यावर जुन्या चादरीची खोळ असे. नव्या माणसाला ती पाण्याच्या बंबासारखी वाटायची.

चिंतामणी कामशेत स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होता. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगानं सडसडीत, बोलणं कमी. दुर्बिणीचा आरसा त्यानं घरीच घासून केला होता. काचेच्या दोन जाड तबकड्या, मध्ये काच घासायची कार्बोरंडमची पूड आणि पाणी, असा सरंजाम स्टुलावर मांडून एक अख्खा पावसाळा तो स्वयंपाकघरात काच घासत त्या स्टुलाभोवती फेऱ्या मारत होता. त्याची बायको चंद्रिका पलीकडे पोळ्या लाटायची आणि दर दोन-तीन फेऱ्यांमागे सांगायची, "पूड कणकेत उडवू नका."

चंद्रिका लोणावळ्याच्या एका शाळेत शिक्षिका होती. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परत यायची. तिला ताऱ्यांचा नाद नव्हता, पण नवऱ्याच्या नादाचा रागही नव्हता. उलट एका बाबतीत ती त्याच्यापेक्षा सरस होती. नकाशात पाहून आकाशातली नेमकी जागा दुर्बिणीत आणायची तर चिंतामणीची धांदल उडायची. चंद्रिका शांतपणे नळी इंचाइंचानं सरकवायची आणि म्हणायची, "आला. बघा आता." शोधायचं तिनं आणि बघत बसायचं त्यानं, अशी वाटणी आपोआप झाली होती.

तीन हिवाळे तो एकाच ठिकाणी बघत होता. तिमिंगल नावाचं नक्षत्र हिवाळ्यात संध्याकाळी दक्षिणेकडे असतं. त्यात एक पिवळसर तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याच्या थोडं खाली दोन लाल तारे एकमेकांभोवती फिरत असतात. आपल्या सूर्याच्या मानानं अगदीच किरकोळ, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. तसे ते आपले जवळचे शेजारी, त्यांच्या प्रकाशाला इथं पोचायला नऊ वर्षंही लागत नाहीत. तरी दुर्बिणीतून दोघे मिळून एकच ठिपका दिसतो, तोही सरळ रोखून पाहिलं तर हरवतो, जरा बाजूला पाहिलं तर सापडतो. पण त्या जोडीला एक खोड आहे. त्यातला एखादा अचानक भडकतो. क्षणात कित्येक पटींनी तेजाळतो, मग सावकाश ओसरत पुन्हा होता तसा होतो. केव्हा भडकेल ते कुणालाच सांगता येत नाही.

पुण्याच्या वाचनालयात एका विलायती मासिकात चिंतामणीनं हे वाचलं आणि त्याच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. "चंद्र, शनी सगळेच बघतात," तो चंद्रिकेला म्हणाला होता. "हे बघ, हे आत्ता घडणारं आहे. आपण बघत असताना."

"आत्ता कसलं? नऊ वर्षांपूर्वी घडलेलं," ती म्हणाली होती.

तीन हिवाळ्यांत तो एकदाही भडकलेला दिसला नव्हता.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि ब्लॅकआऊट लागला. घराघरांतल्या काचांवर तपकिरी कागद चिकटले. स्टेशनातल्या दिव्यांना काळ्या टोप्या बसल्या. गाड्या काळोखातून येत आणि काळोखात जात. लोक दिवेलागणीलाच दारं लावून रेडिओपाशी बसू लागले. चिंतामणीच्या मनात मात्र एक चोरटा आनंद होता. इतकं काळं आकाश त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. दिवसपाळी संपली की तो हातपाय धुऊन थेट अंगणात यायचा.

त्या दिवसांत त्यांच्याकडे धोंडाबाई कामाला येत असे. बेडशाच्या डोंगराखालच्या वाडीतली म्हातारी. तिचा मुलगा रुळांच्या कामावर गँगमन होता, म्हणून ती स्टेशनाजवळ त्याच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळची भांडी घासून ती काळोखात एकटी जायला बिचकायची, म्हणून मुलगा न्यायला येईपर्यंत मागच्या पायरीवर बसून राहायची.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा चंद्रिका आत खिडकीला कागद लावत होती. चिंतामणी उजवा डोळा दुर्बिणीला लावून बसला होता. तो ठिपका नेहमीसारखा होता, म्हणजे जवळजवळ नव्हताच. आणि एकाएकी तो झाला. बाजूला पाहायची गरजच उरली नाही. तीन मंद ताऱ्यांचा एक बारका त्रिकोण तिथं होता, त्याच्या शेजारी लाल नव्हे, निळसर पांढरा असा टोकदार ठिपका लखलखत होता. चिंतामणीला आधी वाटलं, नळीला धक्का लागून दुसराच तारा आला. पण त्रिकोण जागच्या जागी होता. मग त्यानं हाक मारली.

चंद्रिकेच्या हाताला खळ होती. ती हात पुसून, अंधारात चाचपडत, उंबऱ्यावर ठेचकाळून येईपर्यंत वेळ गेला. ती वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"नेहमीसारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"नीट बघ. अजून थोडा तेजाळलेला असेल."

"थोडा असेल. नसेलही. मला नेहमी किती दिसतो तेच आठवत नाही आता."

चिंतामणी हळहळला. पायरीवर धोंडाबाई बसली होती. तो तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही बघा बरं. तिथं एक ठिपका दिसतोय का?"

धोंडाबाईनं पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकून डोळा लावला.

"व्हय, दिसतंय की."

"चमकतोय?"

"लय चमकतंय."

चिंतामणीनं घाईनं डोळा लावला. ठिपका जवळजवळ नव्हताच.

त्या रात्री जेवताना तो खूश होता आणि नव्हताही. आपण पाहिलं याची त्याला खात्री होती. पण ती खात्री एकट्याची होती, आणि जिनं दुजोरा दिला तिच्या दुजोऱ्यानं ती उलट डळमळीत झाली होती.

दोन दिवसांनी पुन्हा दिसलं. दुर्बिणीकडे डोळा नेतानाच कडेला लखकन काहीतरी चमकलं. डोळा लावेपर्यंत गेलं. त्याच संध्याकाळी आणखी एकदा. दुसऱ्या दिवशीही. तीन हिवाळे उपाशी ठेवलेल्या ताऱ्यानं आता रोज ताट वाढायला घेतलं होतं. चिंतामणीनं उत्साहानं चंद्रिकेला सांगितलं, तेव्हा ती वर्गातल्या मुलीला विचारावं तशी विचारू लागली.

"किती वेळ टिकला?"

"क्षणभर."

"पहिल्या दिवशी तर मिनिटभर म्हणाला होतात."

"पहिल्या दिवसाचं वेगळं होतं."

"मग आजचं काय होतं?"

"असेल, दोघांतला दुसरा भडकला असेल," तो म्हणाला आणि ते बोलतानाच त्याचं त्यालाच पटलं नाही. डोळा दुर्बिणीला लागायच्या आधी दिसलेला तारा दुर्बिणीतला कसा असेल, हा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता. पण त्यानं तो तसाच बाजूला सारला. एखादं विमान चमकलं असेल. घाटाकडे वीज झाली असेल. विजेच्या इंजिनाची ठिणगी अंगणातून दिसते, तीही असेल.

मग एका दुपारी, लख्ख उन्हात, फलाटावर उभा असताना मान वळवली आणि उजव्या डोळ्याच्या कडेला तीच वीज चमकून गेली. तिथं आकाश नव्हतं, घाट नव्हता, इंजिनही नव्हतं. पाण्याची टाकी होती फक्त. शिवाय आता नजरेसमोर काजळीचे बारीक कण तरंगत होते. त्याला वाटलं चष्म्यावर आहेत. त्यानं चष्मा पुसला. कण तसेच राहिले.

घरी येऊन तो आतल्या खोलीत गेला. कागद लावलेली ती खोली दिवसाही काळोखी होती. दार लावून, दोन्ही डोळे मिटून तो उभा राहिला आणि मिटलेल्या पापण्यांआड डोळा झटकन डावीकडे फिरवला. कडेला चंद्रकोरीसारखी रेघ चमकली. पुन्हा फिरवला. पुन्हा चमकली.

तो पलंगाच्या कडेवर बसला. म्हणजे ही वीज डोळ्यातली. मग तारा? पहिल्या दिवशीचा तो निळसर ठिपका एका जागी होता, टोकदार होता, त्रिकोणाच्या शेजारी होता. तो रेघेसारखा नव्हता. पण खरंच नव्हता का? आठवायला गेलं की आता त्या ठिपक्याच्या जागीही त्याला रेघच दिसे. किती वेळ टिकला होता? मिनिटभर, असं तो चंद्रिकेला म्हणाला होता, म्हणून त्याला मिनिटभर वाटत होतं. म्हणण्याआधी काय वाटलं होतं ते कुठंच उरलं नव्हतं.

हे त्यानं चंद्रिकेला सांगितलं नाही. जानेवारीत रेल्वेच्या डॉक्टरांकडे डोळ्यांची नेहमीची तपासणी होती. गाडी चालवणारा असो की सिग्नल देणारा, नजरेत खोट निघाली की त्या कामावर राहता येत नाही. चिंतामणीला वाटलं, थंडी आहे, जागरण आहे, लढाईच्या जादा गाड्यांची दगदग आहे. आठवड्यात बरं वाटेल.

चंद्रिकेला संशय आलाच. तो दुर्बिणीला आता डावा डोळा लावू लागला होता.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही. आलटून पालटून बघावं."

"तीन वर्षांत कधी बघितलं नाहीत ते?"

धोंडाबाई पायरीवरच होती. त्यानं विषय बदलायचा म्हणून तिला विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला तो ठिपका चमकताना दिसला होता ना? खरं सांगा."

धोंडाबाईनं चंद्रिकेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मास्तर, मला काय बी दिसलं न्हाई. समदा आंधारच व्हता."

"मग व्हय कशाला म्हणालात?"

"तुमी इतक्या आशेनं इच्यारलं. न्हाई म्हनलं असतं तर तुमास्नी वाईट वाटलं असतं."

चिंतामणीला हसू आलं. पण नंतर त्याच्या लक्षात आलं, की आपणही आपल्याच डोळ्याला असंच आशेनं विचारत होतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारची पाळी चालू होती. एक लांबलचक मालगाडी न थांबता पुढं जायची होती. अशी गाडी जाताना फलाटावर उभं राहून तिचा शेवटचा डबा पाहायचा असतो. त्या डब्यामागे पाटी असते. पाटी दिसली म्हणजे गाडी सबंध गेली, मागे एखादा डबा सुटून राहिला नाही. मगच मागची गाडी सोडायला हरकत नाही असं मागच्या स्टेशनला कळवायचं. चिंतामणीनं हे काम हजारो वेळा केलं होतं. ते त्याच्या अंगवळणीच पडलं होतं.

सकाळपासून त्याच्या उजव्या डोळ्यात खालून, नाकाच्या बाजूनं, एक काळसर सावली चढत होती. आधी त्याला वाटलं चष्म्याची काडी वाकडी झाली. मग वाटलं, खिडकीच्या कागदाचा तुकडा कुठंतरी चिकटलाय. त्यानं दोनदा तोंड धुतलं. सावली हलली नाही.

गाडी धडधडत आली. डबे सरकू लागले. डाव्या डोळ्यानं त्याला डबे दिसत होते, पण उजव्यातली सावली आणि तरंगणारी काजळी त्यांच्यावर पडत होती, आणि मध्येच ती वीज. शेवटचा डबा आला आणि गेला. तो पाठमोरा होत दूर जात असताना चिंतामणी डोळे ताणून पाहत होता. पाटी होती का? असावी. नेहमी असते. त्याला पाटी दिसल्यासारखीही वाटली, तिच्यावरच्या अक्षरांसकट. पण ती आजची होती की कालची, की हजार दिवसांची मिळून एक, ते त्याला कळेना.

तो आत आला. स्टेशन मास्तर माधवराव टेबलाशी कागद चाळत होते. बुटके, जाडसर, रागीट गृहस्थ, पण मनानं सरळ.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"मग कळवा ना मागं, गाडी सबंध गेली म्हणून. मिलिटरीची स्पेशल खोळंबली आहे."

चिंतामणीनं मागच्या स्टेशनला खूण पाठवायच्या यंत्रावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"माधवराव, मला शेवटचा डबा दिसला नाही."

"म्हणजे? पाटी नव्हती?"

"असेल. नसेल. मला दिसली की नाही ते मला सांगता येत नाही."

माधवरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "चिंतामणराव, हे काय उत्तर झालं? पाहिलीत की नाही पाहिलीत?"

"तेच कळत नाहीये. माझ्या उजव्या डोळ्यासमोर पडदा आलाय. आठवडाभर विजा दिसताहेत. मला ही गाडी पास करता येणार नाही."

माधवरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन उचलला, पुढच्या स्टेशनला गाडीचा शेवटचा डबा पाहायला सांगितलं, आणि तिकडून होकार येईपर्यंत मिलिटरीची स्पेशल थांबवून धरली. पाटी होती. गाडी सबंध होती. काहीच बिघडलं नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "आठवडाभर? आणि आज सांगता?"

"आज कळलं."

"खुर्चीवर बसा. उठू नका. तुमची पाळी मी करतो." थोड्या वेळानं त्यांनी पोऱ्याकरवी चहा मागवला आणि चिंतामणीपुढे सरकवला.

चंद्रिका संध्याकाळच्या गाडीनं उतरली तेव्हा चिंतामणी फलाटावर बाकावर बसला होता. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. घरी जाऊन दोन पातळं आणि त्याचे कपडे पिशवीत भरले, धोंडाबाईला किल्ली दिली, आणि दोघं पुण्याच्या गाडीत बसली. डब्यातले दिवे निळे रंगवलेले होते. त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे आजारी दिसत होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?" घोरावाडी स्टेशन गेल्यावर तिनं विचारलं.

"काय सांगणार होतो? तारा दिसला म्हणू की डोळा बिघडला म्हणू? मलाच ठरवता येत नव्हतं."

"दोन्ही सांगायचंत. ठरवलं असतं आपण मिळून."

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, बराच वेळ आत पाहिलं. डोळ्यामागचा पडदा फाटून सुटला होता. लगेच ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. दृष्टी किती परत येईल ते सांगता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही.

लढाई संपली तेव्हा चिंतामणी असा उताणा पडलेला होता. रस्त्यावर फटाके वाजत होते, मुलं ओरडत होती. वॉर्डात कुणीतरी पेढे वाटले. चंद्रिकेनं त्याच्या तोंडात अर्धा पेढा घातला. "खिडकीवरचे कागद काढताहेत," ती म्हणाली. "उजेड आला खोलीत." त्याला उजेडाचं काहीच कळत नव्हतं. पट्ट्यांखाली त्याला जांभळे ढग दिसत, त्यांत ठिणग्या उडत. एकदा तर त्याला तीन ताऱ्यांचा त्रिकोणच दिसला, अगदी स्वच्छ.

डॉक्टर आले की तो विचारायचा, "हे दिसतंय ते काय?"

"डोळ्याला मार बसलाय, तो कुरकुरतोय. काही दिवस दिसेल. लक्ष देऊ नका."

"आणि एका जागी, मिनिटभर, बारीक ठिपका दिसला तर? तोही डोळ्याचाच?"

"ठिपका सहसा असा दिसत नाही. पण डोळा काय दाखवील याची खात्री मी देत नाही."

चिंतामणीनं त्यावर दिवसभर विचार केला. डॉक्टर हो म्हणाले होते की नाही, हेच त्याला उमगलं नाही.

नाताळच्या सुट्टीआधी शाळेची कामं होती, म्हणून चंद्रिका मधल्या काळात एकदा कामशेतला जाऊन आली. परतली ती मोसंबी घेऊन. मोसंबी सोलून तिनं फोडी त्याच्या हातात दिल्या. मग म्हणाली, "तुम्ही हलणार नसाल तर एक सांगते."

"इथं हलतोय कुठं मी?"

"उठून बसायचं नाही. पिशव्यांना धक्का लावायचा नाही."

"बरं."

तिनं सांगितलं ते असं. संध्याकाळी ती अंगणात गेली. दुर्बिणीवरची खोळ वाऱ्यानं सुटली होती. तिला त्या नळीचा राग आला होता. हिच्यापायी यांनी डोळा लपवला, असं तिच्या मनात होतं. आरसा काढून गुंडाळून माळ्यावर टाकावा म्हणून तिनं पाना आणला. पण काढण्याआधी, नेहमीच्या सवयीनं, तिनं ती जागा शोधली. पिवळसर तारा, मग खाली, मग त्रिकोण. ठिपका कसाबसा होता. ती मागे होणार एवढ्यात तो वाढला.

"वाढला म्हणजे?"

"पेटला. दिव्याची वात वर केल्यासारखा. मला आधी वाटलं, मलाही तुमच्यासारखं झालं. मी डोळा मिटला. काही नाही. दुसरा डोळा लावला, त्यालाही तो दिसला. मग मी नळी थोडी हलवली. सगळे तारे सरकले तसा तोही सरकला, त्रिकोणाच्या शेजारीच राहिला. परत मध्ये आणला. तोवर मंद होत होता. मग हळूहळू बारीक होत गेला."

चिंतामणीनं मोसंबीची फोड तशीच हातात धरून विचारलं,

"कुणाला दाखवलास?"

"धोंडाबाई होत्या. मी म्हटलं, मावशी, लवकर बघा. त्या वाकल्या आणि मलाच विचारायला लागल्या, बाई, व्हय म्हनू का न्हाई म्हनू?"

चिंतामणी हसला तसा वॉर्डातली नर्स ओरडली, हलू नका. तो पुन्हा निश्चल पडला. मग म्हणाला, "रंग कसा होता?"

"पांढरा. जरा निळा."

"हे मी तुला सांगितलं होतं का?"

चंद्रिकेनं विचार केला. "आठवत नाही. सांगितलं असेल."

"म्हणजे तू मला बरं वाटावं म्हणून…"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी तर सांगणारच नव्हते. तुम्ही ऐकून उठून बसाल याची भीती होती. गाडीत बसल्यापासून मी स्वतःलाच विचारतेय, की खरंच पाहिलं का. मी पाहिलं तेवढं जसंच्या तसं सांगितलं. ते काय होतं ते तुमच्या मासिकवाल्यांना ठाऊक."

"मग माझा पहिल्या दिवसाचाही खरा असेल."

चंद्रिकेनं मोसंबीची सालं कागदात गुंडाळली.

"ते मला नाही सांगता येणार. माझा खरा असला म्हणून तुमचा खरा ठरत नाही. आणि तुमचा डोळा बिघडला होता म्हणून तो खोटा ठरतो, असंही नाही."

चिंतामणीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते त्याला समजलं नाही. पण त्या रात्री, बऱ्याच दिवसांनी, त्याला गाढ झोप लागली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा उजव्या डोळ्यानं त्याला माणसं दिसत होती, त्यांची तोंडं ओळखू येत नव्हती. खालचा एक कोपरा काळा राहिला तो राहिलाच. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला गाड्यांच्या कामातून काढलं. माधवरावांनी स्वतः वर जाऊन खटपट केली आणि त्याला तळेगावला तिकिटांच्या खिडकीवर जागा मिळाली. निरोप द्यायला ते स्टेशनाबाहेर टांग्यापर्यंत आले. "त्या दिवशी तुम्ही होय म्हणाला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले. "पाटी होतीच." आणि पुढं म्हणाले, "पण मग डोळ्याचं कळल्यावर मी पुन्हा तुम्हाला कधी काही विचारलं नसतं."

तळेगावच्या घराला गच्ची होती. दुर्बीण तिथं गेली. हिवाळ्यात संध्याकाळी चंद्रिका जागा शोधून द्यायची आणि दोघं पाळीपाळीनं पाहायची. तो डाव्या डोळ्यानं आणि ती उजव्या. पुढच्या दोन हिवाळ्यांत त्या जोडीनं दोघांनाही काही दाखवलं नाही. चंद्रिका कंटाळायची नाही, याचं चिंतामणीला नवल वाटायचं. ती म्हणायची, "मला ते पुन्हा बघायचंय. पहिल्यांदा बघताना मी इतकी गोंधळले होते, की धड बघितलंच नाही."

तिकिटांच्या खिडकीवर ओळख झालेले एक गणिताचे शिक्षक एकदा गच्चीवर आले. सगळं समजून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही पाहिलाय का तो भडकताना?"

"हिनं पाहिलाय," चिंतामणी म्हणाला.

"आणि तुम्ही?"

चिंतामणीनं तोंड उघडलं, चंद्रिकेकडे पाहिलं. ती नळी सरकवण्यात गुंतली होती.

"मी पाहिला असावा," तो म्हणाला.

शिक्षकांना हे उत्तर विचित्र वाटलं असणार. पण ते काही बोलायच्या आत चंद्रिका बाजूला झाली आणि त्यांना म्हणाली, "या, आलाय तो. सरळ बघू नका, जरा कडेला बघा."